रानफुलांची आजीवन यादी आणि वनस्पतींची मराठी नावे

रानावनात हिंडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या प्रत्येक देशी फुलझाडाची, ते प्रथम कोठे व केव्हा पाहिले या तपशिलासह, जन्मभर एकाच वहीत नोंद करीत जाण्याचा छंद महाराष्ट्रात आता बराच रुजला आहे. ही पद्धत मुख्यतः पक्षिनिरीक्षकांनी रूढ केली. इंग्रजीत अशा वहीला 'लाइफ लिस्ट' म्हणतात. येथे तिला 'आजीवन यादी' म्हटले आहे. एका जातीची नोंद एकदाच व्हावयाची, दुसऱ्याने पाहिलेले किंवा चित्रात पाहिलेले जमेस धरावयाचे नाही आणि बागेत मुद्दाम लावलेले झाड यादीत घ्यावयाचे नाही, एवढेच तिचे नियम. नियम साधे आहेत. परंतु वहीच्या पहिल्या रकान्यावर 'नाव' असा शब्द लिहिला की तेथूनच अडचणींना प्रारंभ होतो. या अडचणी जितक्या वनस्पतिशास्त्राच्या आहेत तितक्याच भाषाशास्त्राच्याही आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या दगडाची पठारे आणि कोकण-गोव्यातील सडे ही या छंदाची मुख्य क्षेत्रे होत. सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेले कासचे पठार त्यांत सर्वाधिक परिचित. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत कासचा समावेश आहे, आणि तेथे ८५० च्या आसपास सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नाही. मृगाचा पाऊस पडल्यापासून हस्ताचा पाऊस सरेपर्यंतच्या काळात येथील बहुतेक लहान झाडांना उगवणे, फुलणे आणि बी धरणे उरकून घ्यावे लागते. दर पंधरा दिवसांनी पठाराचा रंग पालटतो तो यामुळेच. यादी करणाऱ्याला वर्षातून जेमतेम चार महिने मिळतात, आणि त्या चार महिन्यांत त्याच्या कानावर नावांचा जो गोंधळ पडतो त्याची तयारी बहुधा त्याच्याजवळ नसते.

वनस्पतींची यादी ही कल्पना मराठी घराला नवी नाही. गणेशपूजेतील एकवीस पत्रींची यादी पिढ्यानपिढ्या पाठ चालत आली आहे. माका, बेल, दूर्वा, धोत्रा, आघाडा, शमी, डोरली, रुई ही नावे शहरातील मुलांनाही निदान ऐकून ठाऊक असतात. पण या यादीत नाव पक्के आहे आणि वनस्पती डळमळीत आहे, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. देवदार हा हिमालयातील वृक्ष; महाराष्ट्रात पूजेच्या वेळी देवदार म्हणून जे पान पुढे येते ते त्याचे क्वचितच असते. विष्णुक्रांता कोणती, याविषयी जाणत्यांतही एकमत नाही. पूजेच्या दृष्टीने यात काही बिघडत नाही, कारण तेथे नाव उच्चारले जाणे महत्त्वाचे. आजीवन यादीची स्थिती नेमकी उलट आहे. तेथे वनस्पती डोळ्यांसमोर उभी असते. तिला कोणते नाव द्यावयाचे हा प्रश्न असतो.

कळलावीचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्यात कुंपणांवर व रानाच्या कडेला चढणारी ही वेल ओळखण्यास अत्यंत सोपी आहे. पानांच्या टोकाला ताणे, फुलाच्या सहा नागमोडी पाकळ्या मागे वळलेल्या, प्रथम हिरवट पिवळ्या व पुढे शेंदरी-तांबड्या होत जाणाऱ्या. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे नाव दिले. मराठीत मात्र तिला कळलावी, खड्यानाग, बचनाग, वाघनखी, अग्निशिखा अशी निदान पाच नावे आहेत, आणि ती पाचही एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत नाहीत. 'अग्निशिखा' हे संस्कृतातून आलेले नाव फुलाच्या रंगावरून पडले. 'वाघनखी' पाकळीच्या वळणावरून. 'कळलावी' या नावामागे उपयोग आहे: अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा वापर होत असे. 'कळलाव्या' म्हणजे भांडणे लावून देणारा हा मराठीतील शब्द ध्वनीने जवळचा असल्यामुळे, बोलणाऱ्याच्या मनात या नावाला दुसराही एक अर्थ चिकटून राहतो.

'बचनाग' हे नाव अधिक विचार करण्यासारखे आहे. संस्कृत 'वत्सनाभ' यापासून आलेला हा शब्द मूळचा हिमालयातील एका अगदी वेगळ्या विषारी वनस्पतीचा. कळलावीचा कंदही विषारी. त्यात कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. विषाच्या साम्यामुळे उत्तरेकडील नाव दक्षिणेतील वेलीवर येऊन बसले. शब्दाच्या अर्थाचा असा विस्तार भाषेत नित्य होत असतो आणि त्यात भाषेचा काही अपराध नाही. परंतु एखाद्याच्या वहीत नुसतेच 'बचनाग, अमुक गाव' एवढेच लिहिलेले असेल तर पन्नास वर्षांनंतर ती नोंद वाचणाऱ्याला काय समजावे? गावाचे नाव सह्याद्रीतील असल्यास तर्क करता येईल. पण तो तर्कच होय.

'वाघनखी'ने याहून मोठी फसगत होते. हेच नाव 'मार्टिनिया अन्युआ' या झुडपालाही आहे. ओसाड जागी वाढणाऱ्या या झुडपाच्या काळ्या, टणक फळाला दोन आकडे असतात. ते पाहून त्याला कोणी वाघनखी म्हणतात, कोणी विंचू. हे झुडूप मूळचे मेक्सिकोचे. म्हणजे एकाच मराठी नावाखाली एक देशी वेल आणि एक परदेशी झुडूप अशा दोन वनस्पती नांदत आहेत, आणि देशी फुलांच्या यादीत त्यांपैकी एकीलाच जागा आहे.

येथे 'देशी' या शब्दाकडेच वळावे लागते. यादी देशी फुलांची असावी असा नियम केला की देशी कशाला म्हणावयाचे हे ठरवावे लागते, आणि पुष्कळ हौशी निरीक्षक नकळत नावावरून निर्णय करतात. नाव ठसठशीत मराठी असले की झाडही इथलेच असले पाहिजे, असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे. घाणेरी किंवा टणटणी हे झुडूप अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून शोभेसाठी आणले गेले. त्याच्या पानांच्या उग्र वासावरून मराठीने 'घाण' या शब्दाला प्रत्यय लावून नाव सिद्ध केले. या नावात परकेपणाचा लवलेशही नाही. 'रानमोडी' हे तर फारच अर्थपूर्ण नाव. रान मोडणारी ती रानमोडी. तीही अमेरिकेचीच. गाजरगवत पुण्याजवळ विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात नोंदले गेले. लोकांनी पानाच्या आकारावरून त्याला 'गाजरगवत' म्हटले आणि 'काँग्रेस गवत' हे दुसरे नावही लवकरच सर्वत्र झाले. नव्याने आलेल्या वस्तूला नाव देण्यास भाषेला पिढ्या लागत नाहीत.

वनस्पतिशास्त्रात बाहेरून येऊन स्वतःच्या बळावर वाढू लागलेल्या झाडाला 'रुळलेले' झाड म्हणतात. परभाषेतून येऊन मराठीचे प्रत्यय घेऊ लागलेल्या शब्दालाही आपण 'रुळलेला' शब्द म्हणतो. क्रियापद एकच आहे. पण ही दोन रुळणी एकमेकींवर अवलंबून नाहीत. झाड रुळलेले आणि शब्द देशी असे होते (घाणेरी), झाड देशी आणि प्रचारातील शब्द परका असेही होते. त्याचे उदाहरण पुढे येईल. तेव्हा झाडाचे मूळ शब्दाच्या मुळावरून ठरवू नये. ते ठरविण्याची साधने वेगळी आहेत. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील खंड १९९६ ते २००१ या काळात काढले. कोणती वनस्पती देशी, कोणती आगंतुक आणि कोणती या प्रदेशाबाहेर जगात कोठेच न आढळणारी, म्हणजे प्रदेशनिष्ठ, याचा निर्णय अशा ग्रंथांवरून करावयाचा असतो.

आगंतुक नावामुळे मूळच्या नावावर काय परिणाम होतो याचे एक उदाहरण शहरातही दिसते. रस्त्याच्या कडेला लावलेल्या उंच, सरळ, लांबट पानांच्या झाडाला आता सर्रास 'अशोक' म्हणतात. परिणामी खऱ्या अशोकाला 'सीता अशोक' असे विशेषण लावून आपली ओळख राखावी लागते. धनी घराबाहेर आणि पाहुणा माजघरात, असा हा प्रकार आहे.

मराठी नावे इतकी अस्थिर असतील तर ती वगळून यादी केवळ शास्त्रीय नावांनीच का करू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. पुष्कळ जण तसेच करतातही. परंतु शास्त्रीय नाव अचल असते ही कल्पनाही खरी नाही. जुन्नरच्या परिसरातील कड्यांवर आढळणारी एक मांसल, तांबड्या ताऱ्यासारख्या फुलांची वनस्पती डॅल्झेल यांनी १८६० च्या दशकात 'फ्रेरिया इंडिका' या नावाने वर्णिली. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव तीत वंशनाम म्हणून आले. पुढे तिला कॅरालुमा या वंशात घालण्यात आले, त्यानंतर बाउसेरोसिया या वंशात. आज ती 'बाउसेरोसिया फ्रेरेई' या नावाने ओळखली जाते. फ्रेअरसाहेब वंशनामातून उठून जातिनामात येऊन बसले एवढाच काय तो फरक. मराठीत तिला 'शिंदळ माकुडी' म्हणतात, आणि ते नाव या सर्व फेरबदलांत तसेच राहिले आहे.

तथापि शास्त्रीय नावाच्या बदलात आणि लोकनामाच्या बदलात एक महत्त्वाचा भेद आहे. शास्त्रीय नाव बदलले की जुन्याचा आणि नव्याचा संबंध छापून ठेवला जातो. १९०५ साली कोणी 'फ्रेरिया इंडिका' असे लिहिले असेल तर तो काय पाहून आला हे आजही निश्चित सांगता येते. लोकनामाच्या बाबतीत असा संबंध जोडून ठेवणारे कोणी नसते. जुने नाव बोलणारा गेला म्हणजे नाव गेले. म्हणून शास्त्रीय नाव ही वनस्पतीची खूण म्हणून अवश्य हवी. पण लोकनाम टाकून देणे म्हणजे ज्या गोष्टीची नोंद दुसरीकडे कोठेच होणार नाही तीच टाकून देणे होय.

लोकनामे टिपण्याची परंपरा या किनाऱ्यावर जुनी आहे. व्हान ऱ्हेडे यांच्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथात, जो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला, वनस्पतींची नावे मल्याळम, अरबी आणि नागरी लिपीतही कोरलेली आहेत. नागरीतील नावे कोकणी आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांनी या कामात साहाय्य केले, आणि १६७५ साली त्यांनी दिलेले नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. वनस्पतीसमोर तिचे नाव बोलणाऱ्याच्याच लिपीत असावे हा विवेक तीनशे वर्षांपूर्वी दाखविला गेला. पुढील काळात तो राहिला नाही. एकोणिसाव्या शतकातील आणि कुक यांच्याही ग्रंथात देशी नावे आहेत, पण ती रोमन लिपीत. मोल्सवर्थच्या कोशात शब्द नागरीत आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणी अर्थ म्हणून 'एक वनस्पती' एवढेच दिलेले आढळते. एकाकडे झाड आहे पण शब्दाचा उच्चार नाही, दुसऱ्याकडे शब्द आहे पण झाड नाही, अशी ही विभागणी आहे.

रोमन लिपीने नेमके काय हरवते ते 'स्मिथिया' या पिवळ्या फुलाच्या नावात पाहावयास मिळते. आजच्या छापील याद्यांत हे नाव कोठे 'कवला', कोठे 'कवळा', तर कोठे 'कावळा' असे आढळते. रोमन लिपीत ल आणि ळ, अ आणि आ यांचा भेद राहत नाही; त्या लिपीतून पुन्हा नागरीत उतरविताना प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे उतरविले असावे. यांतील मूळ उच्चार कोणता, त्याचा कावळ्याशी काही संबंध आहे की नाही, हे ग्रंथालयात बसून ठरणार नाही. ज्या भागात हे झाड गुरांच्या पायाखाली वाढते तेथे एखाद्या गुराख्याच्या तोंडून शब्द ऐकून तो जसाच्या तसा लिहिला गेला तरच ते ठरेल. दरम्यान शहरातून येणाऱ्या पर्यटकांनी या फुलाला 'मिकी माऊस' असे नाव देऊन टाकले आहे, कारण त्याच्या दोन पाकळ्या कानांसारख्या दिसतात. झाड देशी आणि प्रचारातील शब्द परका, असे वर म्हटले ते हेच.

'मिकी माऊस' निदान आपला परकेपणा लपवीत नाही. त्याहून फसवी नावे ती, जी कागदावर जन्मली आणि बोलीतील असल्याप्रमाणे वावरतात. कासच्या परिसरात सापडणाऱ्या 'ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस' या पाणवनस्पतीचे वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या फुलोऱ्याला दोन फाटे असतात. रोमन वर्णमालेतील 'वाय' या अक्षरासारखा तो दिसतो. म्हणून ती 'वायतुरा'. समास सुरेख आहे. पण रोमन अक्षरे ठाऊक असल्यावाचून तो कोणी केला असणे शक्य नाही, हे उघड आहे. 'दीपकाडी' हे आणखी चतुर उदाहरण. लॅटिन वंशनाम 'डिपकॅडी'. त्याच्याशी ध्वनिसाम्य राखून 'दीप' आणि 'काडी' असे दोन ओळखीचे शब्द जुळविले गेले, आणि उभ्या काडीवर लागलेल्या पांढऱ्या फुलांना ते शोभूनही दिसले. अपरिचित शब्दाला परिचित रूप देण्याच्या या प्रक्रियेला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. येथे मात्र ती लोकांनी नव्हे, सुशिक्षितांनी केलेली दिसते. 'सायानोटिस' वंशाच्या निळसर फुलांना 'आभाळी' व 'नभाळी' अशी दोन्ही नावे छापील याद्यांत मिळतात. पहिले बोलीत सहज बसते. दुसऱ्याविषयी शंका घेण्यास जागा आहे, कारण 'नभ' हा शब्द पठारावरील माणसाच्या रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही.

अशी नावे घडविणे गैर आहे असे मुळीच नाही. ज्या फुलाला नावच नव्हते त्याला चांगले नाव मिळाले तर भाषा समृद्धच होते. आक्षेप आहे तो मिसळीला. छापील नाव वाटाड्यांकडून गावात जाते, गावातून ते पर्यटकाच्या वहीत 'स्थानिक नाव' म्हणून परत येते, आणि मग पुढचा ग्रंथकार ते लोकपरंपरेतील म्हणून नोंदवितो. हे वर्तुळ दोनतीनदा फिरले की बोलीतील नाव आणि पुस्तकी नाव यांत भेद करण्याचे साधनच उरत नाही.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे, आणि तो मराठीला भूषणावह आहे. ब्रेमेकँप या डच वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये कारवीसाठी 'कार्व्हिया' असा स्वतंत्र वंश कल्पिला. सह्याद्रीतील शब्द अशा रीतीने लॅटिन वेशात शास्त्रात गेला. आज बरेच शास्त्रज्ञ कारवीला पुन्हा 'स्ट्रोबिलँथस' या मोठ्या वंशातच ठेवतात, तो भाग निराळा. 'सफेद मुसळी'च्या एका जातीच्या नावात बोरिवली आहे, वायतुऱ्याच्या नावात सातारा आणि दीपकाडीच्या एका जातीच्या नावात कोकण.

आता वहीकडे. वरील विवेचनावरून एक गोष्ट निष्पन्न होते: 'नाव' असा एकच रकाना ठेवू नये. एका बाजूला ओळख असावी, म्हणजे शास्त्रीय नाव व ते कोणत्या ग्रंथाच्या आधारे ठरविले याचा उल्लेख. दुसऱ्या बाजूला ऐकलेले नाव असावे, आणि ते ज्याने ऐकले त्याने नागरीत, ऐकले तसेच लिहावे; शुद्ध करू नये. 'तेरडा' ऐकले तर तेरडा, 'तिरडा' ऐकले तर तिरडा. पुस्तकात वाचलेले मराठी नाव लिहावयाचे असल्यास त्याला तिसरी जागा द्यावी. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या नाहीत म्हणजे निम्मे काम झाले.

ऐकलेल्या नावाजवळ गाव, बोलणाऱ्याचा व्यवसाय, साधारण वय आणि बोली एवढे लिहिले तरी पुष्कळ. व्यक्तीचे नाव लिहिण्याचे कारण नाही. एकाच पठारावर वरच्या वाडीतील धनगर आणि खालच्या गावातील कुणबी एकाच झाडाला निरनिराळी नावे देऊ शकतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

प्रश्न कसा विचारावा याला फार महत्त्व आहे. 'याला वायतुराच म्हणतात ना?' असे विचारले तर सौजन्याने 'हो' असेच उत्तर येणार. झाड दाखवून 'याला काय म्हणता?' एवढेच विचारावे आणि थांबावे. उत्तर येण्यास वेळ लागला तर तोही भरू नये. पुष्कळदा उत्तर फुलाविषयी नसते. माणूस झाडाला त्याच्या उपयोगावरून ओळखतो. ज्याचा कंद खाल्ला जातो ते कंदावरून, ज्याची भाजी होते ते कोवळ्या पानांवरून. 'खरपुडी' हे कंदीलपुष्पाच्या वेलीचे नाव कंद खणणाऱ्यांच्या तोंडी असते; तिचे कंदिलासारखे नाजूक फूल पाहण्यासाठी दूरवरून माणसे येतात याचे त्यांना नवल वाटते. भारंगीची तर फुलेच भाजीसाठी खुडली जातात, तेव्हा ती लगेच ओळखली जाते. गौरीच्या सणात कोकणात व इतरत्र तेरड्याची गौर आणतात, त्यामुळे तेरडा सर्वांना ठाऊक. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हणही सर्वांना ठाऊक. पण त्याच तेरड्याच्या वंशातील पठारावरच्या चिमुकल्या जातींना निराळे नाव विचारल्यास 'तेरडाच तो' असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. काही झाडांच्या बाबतीत 'त्याला काही नाव नाही, गवतच ते' असे सांगितले जाते. हे उत्तरही शब्दशः लिहून ठेवावे. कोणत्या झाडांना नाव आहे आणि कोणत्यांना नाही, यावरून तेथील माणसांचा रानाशी कसला व्यवहार होता ते कळते. नाव मिळाले नाही म्हणून पुस्तकातील नाव त्या रकान्यात भरणे ही सर्वांत वाईट चूक.

फुलण्याचा काळ विचारल्यास उत्तर नक्षत्रावर येण्याचा संभव असतो. मघा, हस्त ही नावे तशीच लिहून शेजारी तारीख द्यावी.

ओळखीच्या रकान्यातही प्रामाणिकपणा हवा. पठारावर पांढऱ्या गुंड्यांसारखा पसरलेला 'गेंद', म्हणजे एरिओकॉलॉन, दुरून एकच वाटतो. त्याच्या जाती वेगळ्या काढण्यास सूक्ष्म फुलांचे भाग आणि बियांचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा लागतो. ज्याला ते शक्य नाही त्याने 'गेंद, जात अनिश्चित' असे लिहून पुढे जावे. यादीतील आकडा वाढविण्याच्या हौसेने वाटेल ते जातिनाम लावणाऱ्यांच्या वह्या शास्त्राच्या उपयोगी पडत नाहीत आणि भाषेच्याही नाहीत. सीतेच्या आसवांसारखी निळसर जांभळी फुले आणि दवबिंदूसारखी कीटकभक्षी रोपे यांच्याही बाबतीत हीच सावधगिरी हवी. अलीकडे छायाचित्र पाठवून ओळख मिळविण्याची सोय झाली आहे. २००८ साली सुरू झालेल्या 'आयनॅचरलिस्ट'चा उपयोग महाराष्ट्रात पुष्कळ जण करतात. ती सोय उत्तम आहे, पण तिच्यात ऐकलेल्या नावाची दखल सहसा घेतली जात नाही. म्हणून वही सोडू नये. शिंदळ माकुडीसारख्या दुर्मीळ वनस्पतींचे नेमके ठिकाण मात्र वहीतच राहू द्यावे. ते जाहीर झाले की झाडे उपटून नेणारे तेथे पोहोचतात.

शेवटी कारवीविषयी थोडे. ही झुडपे वर्षानुवर्षे नुसती वाढतात, सुमारे आठव्या वर्षी एकाच वेळी फुलतात आणि बी टाकून मरतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी फुलली. हाच क्रम राहिला तर पुढचा बहर २०३२ मध्ये येईल. दुसऱ्या डोंगरावरील कारवीचे वर्ष निराळे असू शकते, म्हणून नोंदीत डोंगराचे नाव हवेच. जाणत्या वयापासून हिंडणाऱ्या माणसाला एका ठिकाणचे सातआठ बहर मिळाले तरी पुष्कळ झाले. आजीवन यादीच्या नियमाप्रमाणे कारवीची नोंद एकदाच व्हावयाची. परंतु या झाडाच्या बाबतीत तो नियम सैल करणे इष्ट. कारवीच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती बांधल्या जात, आणि त्या बांधणाऱ्या माणसाला 'कारवी' म्हणजे प्रथम काठी, मग फूल. विटांच्या भिंती आल्यापासून शब्दाचा हा क्रम उलटत चालला आहे. काठी तोडण्याचा हंगाम, काठीचे लहानमोठे प्रकार, कूड विणण्याच्या क्रिया यांना जे शब्द होते ते आता साठी-सत्तरीच्या माणसांकडेच मिळतील. २०३२ च्या बहरापर्यंत त्यांच्यापैकी किती जण असतील हे सांगता येत नाही. त्यामुळे कारवीच्या नोंदीतील ऐकलेल्या नावाचा रकाना फुलांची वाट न पाहता, ज्या गावात अजून एखादे कुडाचे घर उभे आहे तेथे जाऊन आताच भरून घ्यावा.